हजेरीपटात नसलेले देश

निवृत्तीनंतर तिसऱ्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर घातले. सरकारी कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार? डबा क्रमांक सात : तूरडाळ, जुना साठा. डबा क्रमांक आठ : तूरडाळ, नवा साठा. तिसऱ्या दिवशी बायकोने माझ्या ताटाशेजारी वर्तमानपत्राचं एक कात्रण ठेवलं. निवृत्तांसाठी संगणकाची पायथन भाषा, सहा आठवडे, बंगळुरूच्या आमच्या बनशंकरीतच, घरापासून चालत दहा मिनिटं. त्यातली वर्गाची वेळ तिने पेनाने अधोरेखित केली होती. सकाळी दहा ते दुपारी एक. अभ्यासक्रमाबद्दल तिचं काही मत नव्हतं, वेळ मात्र तिला पसंत होती.

अशा रीतीने मी प्रोग्रामिंग शिकलो. वर्गात आम्ही सगळेच कुठल्या ना कुठल्या सरकारी कारखान्यातून किंवा प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले होतो. पहिल्या दिवशी पहिली शंका आली ती प्रमाणपत्रावर शिक्का गोल असेल की चौकोनी अशी.

सहा आठवड्यांनी प्रमाणपत्र मिळालं (शिक्का गोल), आणि त्याच्या जोरावर इंदिरानगरातल्या एका संस्थेत तीन महिन्यांच्या बोलीवर ‘वरिष्ठ सल्लागार’ हे पद मिळालं. संस्था अर्थविषयक संशोधन करत असे. तिच्या नावात ‘ग्लोबल’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ असे दोन्ही शब्द होते, म्हणजे जगाची सोय दोनदा केली होती. प्रत्यक्षात वरच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या. खाली पावाचं एक दुकान होतं. तिथला पाव इतका टणक असे की लोक त्याचा फोटो काढून तो परत ठेवून देत.

संचालक पुण्याचे. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, परदेशात शिकून आलेले, आणि बोलताना प्रत्येक वाक्य भिंतीवर कोरण्यासाठी देत असल्यासारखे थांबणारे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं की आतापर्यंत संस्थेत आकडे हाताने उतरवले जात होते, हे एकविसाव्या शतकात शोभत नाही. आता पायथनचं एक पॅकेज वापरून ते थेट आणायचे. दसऱ्याच्या सकाळी या नव्या यंत्रणेचं उद्घाटन. प्रमुख पाहुणे ठरलेले आहेत, फ्लेक्स छापायला गेला आहे. आणि दसऱ्याचा महिना संपला की हाताने नोंदी करण्याचं काम बंद.

हे सगळं ते इंग्रजीत बोलले. कारण ते काम ज्या करत होत्या, त्या अक्का सहा फुटांवर खिडकीशी बसल्या होत्या. अक्कांना इंग्रजी उत्तम समजतं हे संचालकांना सात वर्षांत कळलेलं नव्हतं. मला ते सात मिनिटांत कळलं, कारण ‘बंद’ या शब्दापाशी त्यांच्या पेनाचं टोक एक क्षण कागदावर थांबलं आणि तिथे ठिपका पडला. त्यांनी तो टिपकागदाने टिपला आणि पुढचा आकडा लिहिला.

अक्का निपाणीकडच्या. घरात मराठी, दारात कन्नड, आणि त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणे बाई असूनही ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणणाऱ्या. बावीस वर्षं त्या या संस्थेत होत्या, म्हणजे संचालकांच्याही आधीपासून. त्यांच्यामागच्या कपाटात खाकी कागदाची कव्हरं घातलेल्या लांब वह्या होत्या. प्रत्येक देशाला एक पान, कोपऱ्यात लाल शाईने त्या देशाचा तीन अक्षरी कोड, आणि खाली वर्षावर वर्ष रचलेले आकडे. एखाद्या देशाने नाव बदललं तर नव्या नावाची चिठ्ठी चिकटवून जुनं नाव कंसात, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘माहेरचं’. एका देशाचे दोन झाले तर त्या तारखेला आडवी रेघ आणि शेरा : ‘वाटणी’.

दुपारच्या चहाला त्यांनी मला स्वतःहून सांगितलं की मुलगी हुबळीला फिजिओथेरपी शिकते आहे, अजून दोन वर्षं आहेत. नवरा नाही हेही ओघात आलं. “दोन वर्षं ओढायची होती वो सर,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि माझा रिकामा कप उचलून घेऊन गेल्या. मी त्यांची नोकरी खायला आलेला माणूस होतो. माझ्या कपात साखर मात्र बरोबर दीड चमचा होती.

पॅकेज म्हणजे काय ते वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला तयार मसाल्याच्या पाकिटावरून समजावलं होतं. धने कोणी भाजले, कोणी कुटले, हे विचारायचं नाही. पाकीट फोडायचं आणि घालायचं. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे जगभरचे आकडे साठवलेले असतात. कोण किती पिकवतं, किती विकतं, किती मुलं शाळेत जातात. हे पॅकेज त्या संस्थेच्या दारात जाऊन आपल्या वतीने आकडे मागून आणतं. आपण फक्त कोणता आकडा हवा त्याचा संकेत सांगायचा. तो एखाद्या औषधाच्या बाटलीवरच्या बॅच नंबरसारखा दिसतो.

संचालकांना सेवा निर्यातीचे आकडे हवे होते. म्हणजे वस्तू न विकता अक्कल, वेळ आणि फोनवरची सहनशीलता परदेशाला विकून देश किती कमावतात ते. बंगळुरूत बसून दुसरा विषय निवडणं अवघडच. मी चार ओळी लिहिल्या, बटण दाबलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. हे घड्याळ कारखान्याने निरोपाच्या वेळी दिलेलं होतं. पडद्यावर सगळं जग येऊन बसायला अकरा सेकंद लागले.

अक्कांना हेच काम करायला दोन आठवडे लागत. त्यांनी मान वर न करता विचारलं, आलं काय. मी म्हणालो, छे, वेळ लागतो याला. मग मी खाली उतरलो, पलीकडच्या गल्लीतल्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने कॉफी प्यायलो, वर्तमानपत्र वाचलं, आणि तासाभराने वर येऊन जाहीर केलं की अर्धं आलं आहे. उरलेलं अर्धं मी जेवणानंतर आणलं.

आता माझ्या चुकीकडे येतो. आलेला तक्ता मी मोठ्याकडून लहानाकडे लावला. प्रत्येक ओळीला फक्त तीन अक्षरी कोड होता. पहिलीच ओळ होती डब्ल्यू-एल-डी, म्हणजे वर्ल्ड, म्हणजे जग. जग हा देश नाही हे माझ्या ताबडतोब लक्षात आलं, आणि याचा मला फार अभिमान वाटला. तेहतीस वर्षांची नजर आहे, असं मी स्वतःशी म्हणालो, ती ओळ काढून टाकली, आणि उरलेले सगळे देशच असणार असं गृहीत धरलं. मग मी दोन तास दशांश चिन्हं एका उभ्या रेषेत आहेत की नाहीत ते तपासलं. ती होती.

त्या तक्त्यात भारत बराच खाली निघाला. मला वाटलं, असेल बुवा. अर्थशास्त्र हे संचालकांचं खातं. संचालकांना वाटलं, तक्ता हे माझं खातं. दोन जाणकारांच्या मधल्या या फटीतून आमच्या कारखान्यात एकदा वाकडे दांडे भरलेला आख्खा ट्रक बाहेर गेला होता. ते आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

संचालक तर खूश झाले. चांगल्या बातमीवर एक परिच्छेद होतो, वाईट बातमीवर पुस्तिका होते. अमेरिकाही पहिल्या नंबरावरून बरीच घसरलेली दिसली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ‘जागतिक सत्तासंतुलन’ असा शब्द उच्चारला आणि तो लगेच लिहून घेतला. भारताच्या बराच वर एल-टी-ई नावाचा कोणी होता. संचालकांनी थोडा विचार केला आणि हा लिथुआनियाच्या आसपासचा कोणी असावा असं ठरवलं. लहान देश सेवा निर्यातीत मोठे असतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते खरंही आहे. भाषणात ‘युरोपच्या ईशान्य कोपऱ्यातला हा चिमुकला देश आपल्याला काय शिकवतो’ असा सव्वा पानाचा मजकूर तयार झाला. तक्त्यात पूर्ण नावं घालू का असं मी विचारलं, तर ते म्हणाले, नको, नावं घातली की शाळेतल्या भूगोलासारखं दिसतं. कोडमध्ये वजन आहे.

खंडेनवमीच्या सकाळी तक्त्याच्या साठ प्रती छापल्या. दहा-बारा तिरक्या आल्या, त्या बाजूला टाकल्या.

बंगळुरूत खंडेनवमीची आयुधपूजा घरापेक्षा कचेरीत जास्त जोरात होते. गाड्यांना केळीचे खुंट बांधतात, रिक्षांना झेंडूच्या माळा, गिरणीच्या पट्ट्याला हळद, आणि इंदिरानगरात संगणकांना कुंकू. पुराव्याशिवाय पाऊल न टाकणारे आमचे संचालकही उद्घाटनाचा मुहूर्त पुण्याहून आईकडून काढून घेऊन आले होते. पूजा अर्थातच अक्कांनी केली, कारण कशाला काय वाहायचं हे कचेरीत दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. टेबलावर पांढरी चादर, त्यावर तिन्ही लॅपटॉप, प्रिंटर, माझी मोजपट्टी (ती मी सवयीने खिशात बाळगतो), आणि अगदी पुढे अक्कांच्या वह्या आणि त्यांचं शाईचं पेन. सगळ्यांना विभूतीचे पट्टे. दारात कुंकू भरलेला कोहळा फोडला. आणि नियम असा, की एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेली वस्तू एक दिवस बसते. फोन मात्र कोणी पूजेला ठेवत नाही. त्याला जरा गंध लावतात आणि परत खिशात घालतात.

दुपारी तीनच्या सुमाराला प्रसाद वाटायचा होता. चुरमुरे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे. द्रोण आणायचे राहिले होते, म्हणून अक्का खिडकीशी बसून सकाळच्या तिरक्या छापल्या गेलेल्या कागदांच्या पुड्या करू लागल्या. हा तक्ता त्यांना तोपर्यंत कोणी दाखवलेला नव्हता. दाखवायचं कारणच नव्हतं.

पाच-सहा पुड्या झाल्यावर त्यांचे हात थांबले. त्या एक भरलेली पुडी घेऊन माझ्यासमोर आल्या.

“सर, खाऊ नका. आधी वाचा.”

मी चुरमुरे डाव्या मुठीत घेतले आणि कागद उलगडला.

“ह्यो एल-टी-ई कोण वो?”

मी संचालकांचं मत सांगितलं. लिथुआनियाच्या बाजूचा कोणी.

“लिथुआनिया माझ्याकडं हाय. पान एकशे सतरा. त्याचा कोड येगळा.” मग त्यांचं बोट तक्त्यावरून खाली सरकू लागलं. हा कोण, हा कोण, आणि हे दोघं कोण. “बावीस वर्षं मी ह्या सगळ्यांची हजेरी घेतोय, सर. ही पोरं माझ्या वर्गातली न्हवंत.”

एवढ्यात फाटकावरचे पहारेकरी अण्णा आपली पुडी न्यायला वर आले. त्यांनी माझ्या खांद्यावरून कागदात डोकावून पाहिलं आणि कन्नडमध्ये शांतपणे सांगितलं की एल-टी-ई त्यांच्या फोनवर वरच्या कोपऱ्यात येतं, पण बनशंकरीच्या पुढे गेलं की जातं.

मी फोन काढला आणि त्या आंतरराष्ट्रीय संस्थेची कोडांची यादी उघडली. ती आधी उघडायला काहीच हरकत नव्हती. यादीच्या तळाशी, स्वच्छ अक्षरात, वेगळ्या मथळ्याखाली सगळे बसले होते. हे देश नव्हतेच. हे गट होते. जास्त उत्पन्नाचे देश मिळून एक. मध्यम उत्पन्नाचे मिळून एक. पूर्व आशिया एक, दक्षिण आशिया एक. आणि एल-टी-ई म्हणजे ज्यांच्या लोकसंख्येत कमावत्या माणसांची भरती ओसरत आली आहे असे सगळे देश एकत्र. त्यात चीन होता. युरोपचा ईशान्य कोपरा चांगलाच रुंद निघाला. पॅकेजने देश आणि गट एकाच पंगतीला बसवले होते, आणि मी वाढपी असून पानं मोजली नव्हती.

मी अक्कांना समजावून सांगितलं. दक्षिण आशियाच्या बेरजेत भारत स्वतःच आहे हे कळल्यावर त्यांनी बोटाने ती ओळ पुन्हा शोधली.

“म्हंजे आपण ज्यात हाय, त्याच्याच मागं आपण?”

मी हो म्हणालो.

“घरातला एक माणूस आख्ख्या घरापेक्षा कमी मिळवतोय म्हणून कुणी भाषण करतंय व्हय?”

माझ्या मुठीतले चुरमुरे तोपर्यंत घामाने मऊ पडले होते. अण्णा आपली पुडी घेऊन खाली गेले. खोलीत आम्ही दोघंच. तेव्हा माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं. उद्याचे पाहुणे निवृत्त सरकारी अधिकारी होते आणि त्यांचं आयुष्य व्यापाराच्या फायलींत गेलेलं होतं. ते तक्ता हातात घेतील आणि अर्ध्या मिनिटात चूक दाखवतील, साठ लोकांसमोर. यंत्रणा दुपारपर्यंत गुंडाळली जाईल. मी जाईन, वह्या राहतील.

“अक्का, तुम्ही काही बोलला नसता तर तुमचं काम वाचलं असतं. अजूनही वाचेल. हे आपल्या दोघांनाच माहीत आहे.”

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, पुडीच्या टोकाला मुडपलेला तळचा भाग सरळ केला आणि परत माझ्यापुढे धरला. तिथे बारीक अक्षरात एक ओळ होती. दर वर्षीच्या तक्त्याखाली असते तीच. बदलायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ‘आधार : संस्थेच्या नोंदवह्या.’

“ह्या वह्या माझ्या हाईत,” अक्का म्हणाल्या. “खाडाखोड झाली आसंल, पण बावीस वर्षांत त्यातनं खोटा आकडा भायेर गेला न्हाई. नोकरी जाऊ दे वो. ह्ये जायला नको.”

मी उठलो आणि माझ्या लॅपटॉपवरचा झेंडू बाजूला करायला हात पुढे केला. अक्का मध्ये उभ्या राहिल्या. उद्यापर्यंत नाही. मी म्हणालो, ही आणीबाणी आहे. त्या म्हणाल्या, आणीबाणी असली तरी तो बसलाय. मी घरी फोन लावला. घरचा लॅपटॉप बायकोने मिक्सर आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये बसवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि तिने मला एवढंच विचारलं की कचेरीतल्या डब्यांनाही नंबर घालून झाले का.

मी तेहतीस वर्षं देव न मानता काढली आहेत. पण त्या दुपारी माझ्या लक्षात आलं की लॅपटॉप उचलायला मला देवाची अडचण नाही, अक्कांची आहे. जी बाई एका ओळीसाठी नोकरी सोडायला तयार आहे, तिचा दुसरा नियम मोडायला सांगणं मला जमेना.

म्हणजे आता करायचं काय, तर चांगल्या छापलेल्या प्रतींतली एक घेऊन खऱ्या देशांवर खुणा करायच्या. त्यालाही पेन लागतं, आणि कचेरीतली सगळी पेनं अक्कांनी सकाळी गोळा करून पूजेत उभी केली होती. खाली गेलो. फाटकावरच्या नोंदवहीला सुतळीने एक बॉलपेन बांधलेलं होतं. हे पूजेला कसं नाही, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, आल्यागेल्याची नोंद थांबत नाही. ड्युटीवरच्या हत्याराला सुट्टी नसते. “सरी, तगोळ्ळी,” म्हणजे बरं, घ्या, असं म्हणून त्यांनी सुतळी सोडली आणि पेन माझ्या हातात दिलं. पेन परत मिळाल्याची सही मात्र संध्याकाळी माझ्याकडूनच घेतली.

मग अक्का खुर्चीत ताठ बसल्या, डोळे मिटले, आणि वही न उघडता पान एकपासून कोड म्हणायला लागल्या. संथा म्हणावी तसे. मी ऐकत होतो आणि तक्त्यात सापडेल त्यावर बरोबरची खूण करत होतो. मध्येच थांबून त्या एखाद्याबद्दल सांगत. ह्याची दोन वर्षं आकडे आले नव्हते, लढाई चालू होती. ह्याचं नाव बदललं, पण कोड माहेरचाच ठेवलाय. दीड तासाने शेवटचं पान आलं. ज्यांच्यावर खूण झाली नाही असे चाळीसच्या वर निघाले, आणि त्या यादीत एकही देश चुकून राहिलेला नव्हता. मी फोनवरच्या यादीशी ताडून पाहिलं. दोनदा.

संचालक आपल्या खोलीत खिडकीच्या काचेसमोर भाषणाची तालीम करत होते. मी आत जाऊन सांगितलं. अक्का दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती पुडी, आता पुन्हा भरलेली, टेबलावर ठेवली. संचालकांनी तक्ता पाहून आधी विचारलं की हे बाहेर कोणाला कळलंय का. मग ते नकळत पुडीतले चुरमुरे खाऊ लागले. तेव्हा आमच्या डोळ्यांदेखत पुरावा रिकामा होत गेला.

“उद्या कोण मोजत बसणार आहे?” ते शेवटी म्हणाले.

मी म्हणालो, पाहुणे.

मग त्यांनी ताबडतोब लॅपटॉप उघडून दुरुस्ती करायला सांगितलं. अक्का दारातूनच म्हणाल्या की उत्तरपूजा उद्या साडेसातला आहे. संचालक म्हणाले, ही संशोधन संस्था आहे.

“सरी, सर,” अक्का नम्रपणे म्हणाल्या. “मग तुमच्या गाडीची माळ आणि केळीचे खुंट पण आत्ताच काढायला सांगतो. आईंना तुम्ही कळवा.”

संचालकांनी खिडकीतून खाली आपल्या गाडीकडे पाहिलं. पुण्याचाही विचार केला असावा. साडेसात चालेल, असं ते म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी अक्कांनी उत्तरपूजा केली, लॅपटॉप जागेवरून तसूभर हलवला आणि माझ्याकडे सरकवला. मी माझ्या चार ओळींपैकी एकीत गट वगळण्याची सूचना देणारा एक शब्द घातला. तो शब्द त्या पॅकेजच्या माहितीपत्रात पहिल्यापासून होता. बटण दाबलं. अकरा सेकंदांत भारत कितीतरी पायऱ्या वर चढला. कुठल्याही सरकारला इतकी प्रगती इतक्या स्वस्तात साधलेली मी पाहिलेली नाही. अमेरिकाही आपल्या जागी परत गेली. सत्तासंतुलन होतं तसं झालं.

साठ प्रती पुन्हा छापल्या. प्रिंटरच्या पोटात कुंकू गेलं होतं, त्यामुळे प्रत्येक पानावर एक गुलाबी पट्टा उमटला. तो नेमका भारताच्या ओळीच्या आसपास. येणाऱ्या प्रत्येकाने मांडणीचं कौतुक केलं.

संचालकांचं भाषण मी लक्ष देऊन ऐकलं, कारण रात्रीत ते कसं बदलतात याची मला उत्सुकता होती. त्यांनी फारसं बदललं नव्हतं. ‘लाजिरवाणं’च्या जागी ‘अभिमानास्पद’ आणि ‘मागे’च्या जागी ‘पुढे’ एवढं केलं होतं, बाकीची वाक्यं तशीच उभी राहिली. चिमुकल्या देशाचा सव्वा पान मजकूरही त्यांना सोडवला नाही. दुसरा एक चिमुकला देश खरोखरच वरच्या ओळींत होता, तो त्यांनी त्या जागी बसवला. त्यालाही तो व्यवस्थित झाला.

पाहुणे किडकिडीत, खादीचा शर्ट घातलेले, कमी बोलणारे होते. दीप लावला, शाल घेतली, तक्ता चष्म्याजवळ धरून पाहिला, आणि एकच प्रश्न विचारला.

“हे यंत्राने आणलं, ठीक. मग माणसाने कोणी पाहिलं?”

संचालक थांबले. त्यांच्या नेहमीच्या कोरण्यासारख्या थांबण्यापेक्षा हे थांबणं जरा लांब होतं. माझ्याकडे पाहिलं. मी दशांश चिन्हांकडे पाहिलं. आणि मग संचालकांना त्यांचा स्वभाव उपयोगी पडला. संकटात साधा माणूस खरं बोलतो किंवा खोटं बोलतो. भपक्याच्या माणसाला तिसरा मार्ग असतो : तो एक विभाग स्थापन करतो.

“आमच्याकडे दोन टप्प्यांची पडताळणी असते,” संचालक म्हणाले. “दुसऱ्या टप्प्याच्या प्रमुख इथेच आहेत.”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. दुसऱ्या टप्प्याच्या प्रमुख शेवटच्या रांगेमागे कॉफीचे पेले मांडत होत्या. पाहुणे उठून थेट त्यांच्याकडे गेले, वही मागितली आणि खिडकीशी उभे राहून पानं उलटू लागले. एका पानावर ‘वाटणी’ हा शेरा पाहून त्यांनी विचारलं की वाटणीच्या वर्षाचा आकडा कोणाच्या नावावर धरला. अक्कांनी सांगितलं : थोरल्याच्या, पण धाकट्याच्या पानावर तसं लिहून ठेवलंय. पाहुणे हसले. कार्यक्रमात ते हसलेले तेवढंच. कॉफी निवली, फ्लेक्सखालचा सामुदायिक फोटो पाऊण तास लांबला, आणि जाताना त्यांनी अभिप्रायवहीत लिहिलं की या संस्थेत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे तिची पडताळणी, आणि ती टिकावी.

संचालकांनी तो अभिप्राय चौकटीत बसवून जिन्यात लावला. आता तो जिन्यात होता म्हणजे विभाग असणं भाग होतं. अक्कांचं काम आणखी दोन वर्षं वाढवल्याचं पत्र त्याच महिन्यात निघालं, त्यावर ‘प्रमुख, पडताळणी’ असं लिहिलं होतं. विभागात त्या एकट्याच आहेत. भपक्याबद्दल मी आयुष्यभर जे काही बोललो आहे त्यातलं एक-दोन टक्के मी परत घेतो, त्याहून जास्त नाही.

माझेही तीन महिने वाढले. परवा सोमवारी नवे आकडे आणायचे होते. मी चार ओळी चालवल्या, जग येऊन बसलं, आणि जुन्या सवयीने मी घड्याळ पाहून उठलो आणि म्हणालो की वेळ लागेल, कॉफी पिऊन येतो.

अक्का मान वर न करता म्हणाल्या, “पहिल्या दिवशी पण अकरा सेकंदांतच आलं होतं, सर. तुमचा पडदा ह्या खिडकीच्या काचेत दिसतोय.”

मी दारातच थांबलो. त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं, पेनाला शाई आहे की नाही ते पाहिलं, आणि पट्टी पहिल्या ओळीखाली अगदी सावकाश लावली. पडताळणी घाईने करू नये असं विभागप्रमुखांचं धोरण आहे. एका तक्त्याला साधारण तीन आठवडे लागतात, आणि दोन वर्षांत असे बरेच तक्ते बसतात.

“जाऊन या की,” त्या म्हणाल्या. “संचालकांनी विचारलं तर मी सांगतो, अर्धं आलंय.”